सॅटेलाइट डेटावरून दुष्काळ विमा कसा डिझाइन करायचा: लातूर-धाराशिवच्या कोरडवाहू सोयाबीनचं उदाहरण

हे लिहितोय ते एफपीओ, म्हणजे शेतकरी उत्पादक कंपन्या, चालवणाऱ्यांसाठी, गावात काम करणाऱ्या संस्थांसाठी आणि कृषी कॉलेजच्या त्या पोरापोरींसाठी ज्यांना लॅपटॉपवर झकास नकाशे काढता येतात पण त्याचा शेतकऱ्याला नक्की उपयोग काय हे कुणी सांगत नाही. एक गोष्ट आधीच सांगतो, विमा विकायचा अधिकार फक्त आयआरडीएआय या विमा नियामकाकडे नोंदणी असलेल्या कंपनीला असतो, त्यामुळे आपण गावातून पैसे गोळा करून त्याला विमा म्हणायचं नाही. पण डिझाइन आपण करू शकतो आणि ते घेऊन कंपनीच्या दारात जाऊ शकतो. आणि माझं ठाम मत आहे की ते आपणच करावं, कारण कुठल्या आठवड्यात पाऊस नाही पडला की सोयाबीन हातचं जातं हे ज्याला माहीत आहे त्याच्याशिवाय केलेलं डिझाइन हमखास फसतं.

आधी मूळ कल्पना. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून चालू आहे, त्यात महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न पीक कापणी प्रयोगातून काढतात आणि ते उंबरठा उत्पन्नाशी ताडून बघतात, उंबरठा उत्पन्न म्हणजे मागच्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी गुणिले जोखीमस्तर, म्हणजे त्या सरासरीचा किती टक्के भाग विम्यात धरायचा ते. पद्धत वाईट नाहीये पण कापणी होणार, आकडे जमणार, त्यावर वाद होणार, मग पैसे, तोवर रब्बीची पेरणी होऊन गेलेली असते. इंडेक्स विम्यात पीक मोजतच नाहीत. पाऊस किंवा रानाचा हिरवेपणा मोजतात, आकडा ठरलेल्या रेषेखाली गेला की पैसे, ना पंचनामा, ना फोटो, ना अर्ज. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे, म्हैसूर संस्थानात जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० मध्येच पावसावर आधारित विम्याची योजना मांडली होती, आणि २००३ मध्ये महबूबनगर जिल्ह्यात बेसिक्स आणि आयसीआयसीआय लोम्बार्डने ती प्रत्यक्षात आणली. तेव्हा सगळी भिस्त पर्जन्यमापक केंद्रावर होती आणि केंद्र लांब असेल तर आकडा आपल्या शिवाराचा नसायचा, सॅटेलाइटने ती अडचण बरीच कमी केली, पूर्ण संपवली नाही.

आता कामाला लागू. पहिलं काम लॅपटॉप उघडायचा नाही. गावात जायचं, पारावर नाहीतर समाजमंदिरात १५-२० जण बसवायचे, त्यात बाया पाहिजेत, बटईने करणारे पाहिजेत, हलक्या माळरानावाले आणि नदीकाठच्या भारी काळ्या जमिनीवालेही पाहिजेत, आणि कोऱ्या कागदावर आत्तापासून मागे वर्षं लिहीत जायचं. प्रत्येक वर्षापुढे तीन गोष्टी विचारायच्या: पीक कसं आलं, बिघडलं तर कशानं बिघडलं, आणि नेमकं कधी बिघडलं. हा मधला प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कारण लोक म्हणतील २०२० वाईट, २०२१ वाईट, आणि ते खरंच आहे, पण २०२० ला ऑक्टोबरच्या पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं आणि २०२१ ला सप्टेंबरच्या शेवटी गुलाब चक्रीवादळाचा पाऊस झाला, म्हणजे ही ओल्या दुष्काळाची वर्षं झाली. कुणी म्हणेल २०२४ वाईट कारण भाव पडला. दुष्काळ विमा यातल्या कशालाच पैसे देणार नाही आणि हे त्याच बैठकीत तोंडावर सांगायचं. मग खरी कोरडी वर्षं वेगळी होतात, या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी २०१२, सलग २०१४ आणि २०१५ (ज्याच्यानंतर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं), २०१८ जेव्हा राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि २०२३, ज्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला.

तिसरा प्रश्न, कधी बिघडलं, याचं उत्तर तारखेत येत नाही, नक्षत्रात येतं, आणि ते फार बरं आहे. आर्द्रात पेरलं, पुष्यात करपायला लागलं, मघा कोरड्या गेल्या. सूर्यनक्षत्रांच्या तारखा जवळपास पक्क्या असतात, मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून, पुनर्वसू ५-६ जुलै, पुष्य १९-२० जुलै, आश्लेषा २-३ ऑगस्ट, मघा १६-१७ ऑगस्ट, पूर्वा ३० ऑगस्टच्या आसपास, त्यामुळे लोकांची आठवण थेट कॅलेंडरवर बसवता येते. मघांबद्दल गावात जे म्हणतात की पडल्या तर पडल्या, नाहीतर वरती बघा, ते सोयाबीनला तंतोतंत लागू पडतं कारण शेंगा भरायचा काळ तोच असतो.

हा कागद जपून ठेवा, पुढचं सगळं याच्यावर तपासायचंय.

आता डेटा. पावसासाठी सुरुवात चर्प्स या सॅटेलाइटच्या पाऊस-डेटाने करा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरामधल्या हवामान केंद्राने अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाबरोबर तो बनवलाय, फुकट आहे, १९८१ पासूनचा आहे आणि एक चौकोन साधारण ५ किलोमीटर बाय ५ किलोमीटरचा आहे. गुगल अर्थ इंजिन या सॅटेलाइट डेटाच्या ऑनलाइन साधनावर तयार मिळतो, मंडळाची हद्द टाकायची आणि दर दहा दिवसांची बेरीज काढून एक्सेलला घ्यायची, ज्याला थोडं कोडिंग येतं त्याचं हे एका दुपारचं काम आहे, नाही येत त्याने क्यूजीआयएस या फुकट नकाशा सॉफ्टवेअरमध्ये करावं, वेळ लागेल पण होतं. १९८१ पासूनचा असण्याला फार किंमत आहे, कारण विमा कंपनी विचारणार की गेल्या ३०-४० वर्षांत किती वेळा पैसे द्यावे लागले असते, आणि तिथे दहा वर्षांचा सुंदर डेटा उपयोगाचा नसतो. जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या सॅटेलाइटांचा आयमर्ग डेटा दर अर्ध्या तासाचा आहे पण त्याचा चौकोन मोठा, साधारण १० किलोमीटर, आणि इतिहास कमी. हवामान खात्याचा ग्रिड डेटा १९०१ पासून आहे पण चौकोन पाव अंशाचा, म्हणजे २५ किलोमीटरहून मोठा, तालुका त्याच्यात जवळजवळ मावतो. तो मुख्य इंडेक्स म्हणून नको, तपासणीसाठी घ्या. महावेध या राज्यातल्या हवामान केंद्रांच्या प्रकल्पाची महसूल मंडळातली २ हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रं आहेत, त्यांचा इतिहास छोटा आहे पण चर्प्स तुमच्या भागात जास्त दाखवतो का कमी हे बघायला उत्तम.

इथे एक सावधगिरी, आणि मला वाटतं नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. चर्प्सचा रोजचा आकडा असतो म्हणून रोजच्या आकड्यावर ट्रिगर, म्हणजे पैसे सुरू होण्याची रेषा, लावू नका. हा डेटा ढगांच्या वरच्या थंडपणावरून पावसाचा अंदाज काढतो आणि त्यात केंद्रांचे आकडे मिसळतो, पाच दिवसांच्या आणि दहा दिवसांच्या बेरजेला तो भरवशाचा आहे, पण अमुक मंगळवारी पाऊस झाला का याला नाही. आपल्याकडे २१ दिवसांचा खंड ही भाषा सगळ्यांच्या तोंडात बसलीये म्हणून लगेच मोह होतो की सलग २१ दिवस अडीच मिलिमीटरपेक्षा कमी अशी अट टाकू, पण एका खोट्या सरीने, म्हणजे सॅटेलाइटने दाखवलेल्या पण न पडलेल्या पावसाने खंड तुटतो आणि शेतकऱ्याचे पैसे जातात. दहा दिवसांची बेरीज घ्या, तिला तज्ज्ञ मंडळी डेकॅड म्हणतात, महिन्याचे तीन भाग, १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. आणि घाटमाथ्याजवळचं मंडळ असेल तर जास्तच जपून, तिथे बुटक्या कोमट ढगांतून पाऊस पडतो जो या पद्धतीला नीट दिसत नाही. लातूर-धाराशिवला ती अडचण नाही.

मग खिडक्या ठरवायच्या, म्हणजे हंगामाचे कुठले तुकडे मोजायचे. पूर्ण जून ते सप्टेंबरची बेरीज घेऊ नका, त्या बेरजेने मराठवाड्याचा कितीतरी वेळा घात केलाय, सरासरीच्या ९० टक्के पाऊस झाला म्हणतात आणि त्यातला निम्मा सप्टेंबरच्या चार दिवसांत पडलेला असतो. जेएस ३३५ सारखं वाण ९५ ते १०० दिवसांचं, जूनच्या शेवटी पेरलं तर ३५-४० दिवसांनी फुलोरा म्हणजे ऑगस्टचा पहिला पंधरवडा, आणि शेंगा भरणं ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत. म्हणून तीन खिडक्या पुरतात: पेरणीनंतरचे वीस दिवस दुबार पेरणीसाठी, १ ते २० ऑगस्ट फुलोऱ्यासाठी, आणि २१ ऑगस्ट ते १० सप्टेंबर दाणे भरण्यासाठी. पहिली खिडकी तारखेला बांधू नका, कारण पाऊस दरवर्षी वेगळ्या दिवशी येतो, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग सांगतोच, तर १ जूनपासूनची बेरीज ज्या डेकॅडला ७५ ओलांडेल त्याच्या पुढच्या डेकॅडपासून खिडकी चालू असं लिहा.

वाणाचे दिवस विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. मलावीमध्ये २०१५-१६ ला काय झालं ते यासाठी कायम लक्षात ठेवावं. तिथल्या सरकारने आफ्रिकन रिस्क कपॅसिटीकडून देशपातळीवरचा दुष्काळ विमा घेतला होता, भयंकर दुष्काळ पडला, आणि मॉडेलने मात्र पैसे देण्याइतकं नुकसान दाखवलंच नाही. शोध घेतल्यावर कळलं की मॉडेलमध्ये जास्त दिवसांचा मका धरला होता आणि शेतकरी तोवर कमी दिवसांच्या मक्यावर गेले होते, त्यामुळे मॉडेल चुकीच्या आठवड्यांचा पाऊस मोजत बसलं. नंतर दुरुस्ती करून ८१ लाख डॉलर दिले, पण उशिरा, आणि उपाशी माणसाला उशीर परवडत नाही. सॅटेलाइट तिथे चुकला नव्हता. गावात जाऊन विचारायचा एक प्रश्न राहिला होता.

आता पैशाचं गणित. प्रत्येक खिडकीला तीन आकडे लागतात: ट्रिगर, म्हणजे ज्याच्या खाली पैसे सुरू होतात, एक्झिट, म्हणजे ज्याच्या खाली पूर्ण रक्कम मिळते, आणि जास्तीत जास्त रक्कम. मधल्या पावसाला मधल्या प्रमाणात पैसे. उदाहरण म्हणून शेवटची खिडकी घ्या, समजा ट्रिगर ५० मिलिमीटर, एक्झिट १५, रक्कम एकरी ६,००० रुपये. पाऊस झाला ३६ मिलिमीटर. ५० मधून ३६ गेले, राहिले १४. ५० मधून १५ गेले, ३५. १४ भागिले ३५ म्हणजे ०.४, म्हणून ६,००० चे २,४०० रुपये. झालं, याहून अवघड काही नाही, आणि याहून अवघड करूही नका, ज्याचा विमा आहे त्याला हे कागदावर करून बघता आलं पाहिजे.

एक सुधारणा मात्र हवीच, ती म्हणजे कॅप. २२ ऑगस्टला एका रात्रीत १०० मिलिमीटर पडला आणि पुढे सगळं कोरडं गेलं तर बेरीज १०० दिसेल आणि एक रुपया मिळणार नाही, पण त्यातलं निम्मं पाणी ओढ्याला गेलेलं असतं. म्हणून एका डेकॅडचा पाऊस समजा ३० मिलिमीटरपर्यंतच मोजायचा. मग वरच्या उदाहरणात बेरीज ३० अधिक शून्य, ३०, आणि ५० मधून ३० गेले २०, भागिले ३५, साधारण ३,४२८ रुपये मिळतात. भारी काळ्या जमिनीत ओल जास्त दिवस टिकते, तिथे कॅप वाढवा, मुरमाड रानात कमी ठेवा. मंडळात दोन्ही जमिनी असतील, असतातच, तर दोन वेगळी उत्पादनं करायचा विचार करा, हप्ता वेगळा पडेल पण न्याय होईल.

यानंतर पाठीमागची तपासणी. १९८१ पासून प्रत्येक वर्षाला हे गणित लावा आणि तो गावातला कागद काढा. समजा गावाने मागच्या २५ वर्षांत ७ कोरडी वर्षं सांगितली आणि तुमच्या इंडेक्सने त्यातली ५ पकडली, २ सोडली आणि एक भलतंच वर्ष पकडलं. तर त्या २ वर्षांपाशी थांबा. ट्रिगर लगेच हलवून आकडे जुळवून टाकू नका. परत गावात जा, विचारा त्या वर्षी नेमकं काय झालं, कदाचित जुलैचा खंड होता जो तुमच्या दोन खिडक्यांच्या मधे पडला, मग खिडकी वाढवायची, कदाचित खोडमाशीने घात केला होता, मग तो इंडेक्सचा दोष नाही. इथियोपियात तिग्रेमधल्या अदी हा गावात २००९ ला टेफ या धान्यासाठी ऑक्सफॅम अमेरिका, तिथली स्थानिक संस्था रेस्ट आणि कोलंबिया विद्यापीठाची हवामान संस्था यांनी जे काम सुरू केलं त्याचा आत्मा हाच होता, शेतकऱ्यांच्या डिझाइन टीमबरोबर बसायचं आणि त्यांची वाईट वर्षं सॅटेलाइटच्या वर्षांसमोर ठेवायची. तिथे ज्यांच्याकडे रोख पैसे नव्हते त्यांना बांधबंदिस्तीसारखी कामं करून हप्ता भरायची सोय होती. आपल्याकडे रोजगार हमीचं राज्य असताना यावर कुणीतरी गंभीरपणे विचार करायला पाहिजे असं मला फार वाटतं.

हप्ता किती? आधी शुद्ध हप्ता काढा, म्हणजे सगळ्या वर्षांची मिळून भरपाई भागिले वर्षं. १९८१ ते २०२४ ही ४४ वर्षं. उदाहरणापुरतं, त्यात ३ वर्षं पूर्ण ६,००० आणि ६ वर्षं निम्मे पैसे निघाले तर एकूण ३६,००० रुपये, भागिले ४४, एकरी ८१८ रुपये, म्हणजे रकमेच्या १३.६ टक्के. यावर कंपनीचा खर्च, पुनर्विमा (म्हणजे कंपनीने स्वतःसाठी काढलेला विमा) आणि जोखमीचा भार चढतो. जो माणूस खरिपाला पीक विम्याचे २ टक्के भरतो त्याला हे ऐकून धक्का बसतो, आणि त्याला समजावून सांगायचं की तिथे उरलेला हप्ता केंद्र आणि राज्य सरकार भरतं. आता ट्रिगर थोडा खाली आणला आणि २ वर्षं पूर्ण, ३ वर्षं निम्मे असं झालं तर शुद्ध हप्ता ४७७ रुपये, साधारण ८ टक्के. दर चार-पाच वर्षांनी मिळणारे थोडे पैसे महाग पडतात, मोठ्या दुष्काळाला मिळणारी मोठी रक्कम स्वस्त पडते. बारक्या खंडाला बचत गट आणि एफपीओचा फंड, मोठ्याला विमा, अशी वाटणी मी सुचवेन, पण निर्णय गावाचा, दोन्ही पर्याय आकड्यांसकट समोर ठेवा आणि त्यांना निवडू द्या. शिवाय शेवटच्या १५ वर्षांची सरासरी वेगळी काढून बघा, ती जास्त आली तर कंपनी तिच्यावरच हप्ता मागणार.

हिरवेपणाच्या इंडेक्सबद्दल थोडक्यात. पिकाचं पान लाल प्रकाश खातं आणि जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं, त्या दोघांच्या फरकाला बेरजेने भागलं की एनडीव्हीआय. केनियात मार्साबितला २०१० पासून जनावरांच्या चाऱ्यासाठी यावरच विमा चालवला आणि चराऊ रानाला तो चांगला आहे. आपल्या खरिपात मात्र जुलै-ऑगस्टला ढग असतात, तणसुद्धा हिरवंच दिसतं, आणि मोडिस या सॅटेलाइटवरच्या कॅमेऱ्याचा एक चौकोन २५० मीटरचा म्हणजे जवळपास १५ एकरांचा, त्यात पाच एकर ऊस निघाला तर शेजारचं सोयाबीन वाळून गेलं तरी आकडा हिरवा येतो. सेंटिनेल-२ या सॅटेलाइटचा चौकोन १० मीटरचा आहे, त्याच्यावरून आधी कुठे ऊस आणि कुठे कोरडवाहू हा पिकांचा नकाशा करून घ्या आणि बागायत वगळा. पण त्याचा इतिहास २०१५ पासूनचाच, म्हणून हप्ता त्याच्यावर ठरत नाही. माझं मत, पाऊस हा मुख्य इंडेक्स ठेवा आणि सप्टेंबरचा हिरवेपणा जामीन म्हणून ठेवा: पावसाने पैसे दिले नाहीत पण कोरडवाहू शिवाराचा हिरवेपणा इतिहासातल्या खालच्या दहा टक्क्यांत गेला तर किमान रक्कम द्यायची.

इतकं करूनही कधीतरी असं होणार की एखाद्याचं रान वाळलंय आणि इंडेक्स म्हणतोय सगळं ठीक. याला बेसिस रिस्क म्हणतात. हे लपवून विमा विकला तर पहिल्याच चुकीच्या वर्षी गाव कायमचं तुटतं, आणि बरोबरच आहे. म्हणून नोंदणीच्या वेळीच कागदावर लिहा की मागच्या इतक्या वाईट वर्षांपैकी इतकी पकडली गेली नसती. हप्त्यापेक्षा वेगळा छोटा फंड ठेवा, आणि इंडेक्स चुकला अशी तक्रार आली तर पीक कापणी करून त्या फंडातून मदत द्यायचे नियम आधीच ठरवा. आणि कर्ज काढून हप्ता भरायला कुणालाही लावू नका, अगदी कुणालाही.

कंपनीबरोबरच्या करारात काही गोष्टी अक्षरशः लिहून घ्या. डेटाची आवृत्ती कुठली, कारण चर्प्सची आता तिसरी आवृत्तीही आली आहे आणि दोन आवृत्त्यांचे आकडे सारखे नसतात, इतिहास एकीचा आणि हंगाम दुसरीचा असं चालणार नाही. प्राथमिक आकडा धरायचा की अंतिम, अंतिम आकडा पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला येतो, म्हणजे सप्टेंबरच्या खिडकीचे पैसे ऑक्टोबर अखेर आणि तोवर हरभरा-ज्वारीची पेरणी गळ्याशी येते, म्हणून प्राथमिकवर निम्मे आणि अंतिमवर बाकी असं मागून बघा. सॅटेलाइट बंद पडला तर पर्यायी डेटा कुठला. हिशोब कोण करणार आणि तो कुणालाही तपासता येईल असा उघडा असणार का. बटईदाराचं नाव कसं घेणार, सातबारा मालकाचा आणि घाम दुसऱ्याचा असं असेल तर पैसे घाम गाळणाऱ्याच्या खात्यात गेले पाहिजेत. नवरा-बायको दोघांची नावं टाकता येतील का तेही विचारा.

पहिला खरीप पैसे न घेता चालवा. दर दहा दिवसांनी मंडळाचा आकडा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, गावातल्या चार-पाच जणांना साधे प्लास्टिकचे पर्जन्यमापक द्या, त्यांनी रोज सकाळी साडेआठला वाचलेला आकडा त्याच ग्रुपवर यायला हवा, आणि दोघांतला फरक वहीत लिहीत जा. ऑक्टोबरमध्ये परत बैठक लावून विचारा की यंदा पैसे मिळायला पाहिजे होते का आणि किती. त्यावरून आकडे सुधारून डिसेंबर-जानेवारीतच विमा कंपनीकडे जा, कारण उत्पादनाची कागदपत्रं आणि पुनर्विम्याची बोलणी यात महिने जातात आणि मे महिन्यात केलेला फोन पुढच्या वर्षासाठीच उपयोगी पडतो.